घाटासाठी लावलेली गाडी

अंगणात उभी असताना ही गाडी मांजरासारखी गुरगुरते. घाट चढू लागली, की पितळी तांब्यात गोट्या घालून हलवाव्यात तसा तिच्या पोटातून आवाज येतो. गाडी तीच, इंजिन तेच. मग हे असं का?

हा प्रश्न घेऊन शाल्मली रवळनाथाच्या देवळात आली. आजोबा सभामंडपात पखवाज मांडीवर घेऊन बसले होते. इंजिनाच्या आत आग कशी पसरते, हे त्यांनी प्रयोगशाळेत आयुष्यभर पाहिलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनच गोष्टी धरल्या, देवळातल्या कीर्तनाची साथ आणि चिपळी. चिपळी म्हणजे त्यांनीच बनवलेला, तळहातावर मावणारा यंत्रमानव. चालताना त्याचे दोन धातूचे पाय चटचट वाजत, म्हणून हे नाव.

"आजोबा, मामाची गाडी घाटात टकटक करते."

आजोबांचा हात थांबला. "टकटक? कधीपासून?"

"त्याने गाडीच्या संगणकात नवी मांडणी भरली तेव्हापासून."

गाडी कशासाठी हवी होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. त्या काळात रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या विजेवर चालत, पण डोंगराच्या पायथ्याच्या गावांना मिळून विजेवरची रुग्णगाडी एकच होती. ती हाकेला धावून येईलच असं नसे. म्हणून विश्राममामाने उसापासून केलेल्या इंधनावर चालणारी ही जुनी गाडी जपली होती. गेल्या वर्षी कुंदामामीला घेऊन ती घाटात रखडत रखडत चढली. वरच्या दवाखान्यात पोचायला उशीर झाला, आणि बाळ राहिलं नाही. उतरताना मामी मागच्या सीटवर रिकाम्या हातांनी बसली होती. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नसे. आता मामीचे दिवस पुन्हा भरत आले होते.

तेवढ्यात मामा पायऱ्या चढून आला. हाताला काळं तेल, कपाळावर आठ्या.

"शालू, चहाडी करून झाली का?"

"चहाडी नाही रे मामा, प्रश्न विचारते आहे."

"आप्पा, गाडी एकदम ठणठणीत आहे," मामा म्हणाला. "हवा गाळायची मोठी गाळणी बसवली, धुराची नळी मोकळी केली, संगणकात सगळ्यात जोरदार मांडणी भरली. टर्बोसुद्धा सांगून ठेवलाय. अंगणात दाबून बघितलं, काय सुरेख फिरतं इंजिन!"

"अंगणात," आजोबा हळूच म्हणाले. मग त्यांनी पखवाजाची डावी बाजू वर केली आणि परातीतली ओली कणीक थापायला घेतली. "विश्राम, हा पखवाज मी घरी का लावून आणत नाही? सांग बघू."

"मला कीर्तनातलं काय कळतंय!"

"मी सांगते," शाल्मली म्हणाली. "इथे माणसं जमतात, समया पेटतात, त्या उबेनं चामडं ताणलं जातं. घरी लावलेला सूर इथे चढतो."

"बरोब्बर. शिवाय आज कीर्तनाला बाई उभ्या राहणार, त्यांचा सूर उंच. तेव्हा कणीक किती लावायची, ते त्यांना विचारून आणि इथे बसूनच ठरवायचं. भरपूर थापली म्हणून पखवाज भरपूर वाजत नाही, उलट मुका होतो."

"तुम्ही गेल्या एकादशीला तसंच केलं होतं," चिपळी म्हणाला. "माझ्याकडे नोंद आहे."

"गप रे," आजोबा म्हणाले. मामाच्या कपाळावरची एक आठी मात्र सैल झाली.

आजोबांनी जवळचा रिकामा तांब्या पालथा घातला. "शालू, हे समज इंजिनाचं सिलिंडर (ज्या नळकांड्यात इंधन जळतं ते). खालून दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येतो आणि हवा नि इंधनाचं मिश्रण दाबतो. वरून ठिणगी पडते. आता सांग, सगळं मिश्रण एकदम पेटतं का?"

"हो. स्फोट होतो ना?"

"सगळ्यांना तसंच वाटतं. कीर्तनात बाई अभंगाची ओळ म्हणतात, मग पुढचे लोक उचलतात, मग मागचे, आणि शेवटी खांबाशी बसलेले. तशी आग ठिणगीपासून निघते आणि सरकत सरकत कडेपर्यंत जाते. दट्ट्याला एक मोठा, पण सलग रेटा मिळतो. त्यानेच चाकं फिरतात. ही आग पसरायला थोडा वेळ लागतो, म्हणून दट्ट्या अगदी वर पोचायच्या जरा आधी ठिणगी टाकतात. किती आधी, ते इंजिनाचा संगणक ठरवतो. त्याच्यातल्या आकड्यांच्या तक्त्याला विश्राम मांडणी म्हणतोय."

"मग टकटक?"

"ठिणगी फार आधी पडली, की दट्ट्या वर येतोय आणि आगही दाबतेय, असं दोन्हीकडून होतं. कोपऱ्यातलं मिश्रण चेपून इतकं तापतं, की आग पोचायच्या आतच आपणहून भडकतं. खांबाशी बसलेल्यांनी मध्येच भलतंच पद ओरडून सुरू करावं तसं! दोन लाटा आपटतात, तोच तुझा गोट्यांचा आवाज. त्याला ठोका म्हणतात. फार दिवस चाललं तर दट्ट्याला भोक पडतं."

शाल्मलीने मामाकडे पाहिलं. तो खाली बसला होता.

"पण अंगणात का नाही येत आवाज?" तिने विचारलं. मग तीच थबकली. "थांबा. अंगणात ओझंच नसतं. सिलिंडरमध्ये अगदी थोडी हवा जाते, दाब कमी. घाटात मामा पाय दाबतो, तेव्हा तांब्या काठोकाठ भरतो!"

"भले शाब्बास!"

"बरं, टर्बोनं काय होईल?"

"टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि आत जादा हवा कोंबणारा पंखा. ताकद वाढते, यात शंका नाही. पण दाब वाढतो, उष्णता वाढते, म्हणजे ठोकाही जवळ येतो. त्याला साजेसं इंधन हवं, थंड करणारी व्यवस्था हवी. म्हाताऱ्या इंजिनावर तो बसवू नये. मोठी गाळणी, मोकळी नळी यांत वाईट काही नाही, इंजिनाला श्वास घेणं सोपं जातं. मात्र आत येणारी हवा बदलली, की इंधनाचा तक्ता नव्याने जुळवावा लागतो. तू तो दुसऱ्याच्या गाडीचा उचललास, विश्राम. त्याचं इंधन वेगळं, त्याचा रस्ता सपाट."

मामा हातावरचं काळं तेल पुसू लागला. "मला फक्त लवकर पोचायचंय, आप्पा. या खेपेला."

आजोबांनी कणकेचा हात तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला. "मग कुणासाठी लावायची ते आधी ठरव. शर्यतीची गाडी शर्यतीसाठी लावतात. आपल्याला मागच्या सीटवरच्या कुंदासाठी लावायची आहे, घाटात, दुपारच्या उन्हात. चल, जिथे वाजवायचं तिथेच लावू. चिपळी, तू इंजिनाला चिकटून बस. या गाडीतला ठोका ओळखणारा संवेदक, म्हणजे तिचा कान, केव्हाच निकामी झालाय. आजपासून तो कान तू."

"तापेल फार," चिपळी म्हणाला.

"सेवा समज."

मामी आणि तिच्याबरोबर जाणारी माणसं, यांच्या वजनाइतकी तांदळाची पोती गाडीत चढवली. मामाने आधी स्वच्छ ठिणगी देणारे नवे प्लग बसवले, मग घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर चिपळी ओरडला, "ठोका!" आजोबांनी संगणकात ठिणगी किंचित उशिरा केली. इंधन जरासं वाढवलं, कारण जादा इंधन आत जाताना वाफ होऊन थोडा गारवा देतं. पुन्हा तेच वळण. पुन्हा ठोका, पण अस्पष्ट. पुन्हा बदल. सूर्य कलला तेव्हा गाडी तेच वळण सलग, भरल्या आवाजात चढली आणि चिपळी काहीच बोलला नाही.

"जोर मात्र कमी झाला," मामा म्हणाला.

"थोडा. पण आता तो वरपर्यंत टिकेल."

संध्याकाळी कीर्तन रंगलं. मामी खांबाला टेकून ऐकत होती, डोळे मिटलेले, हात पोटावर. आजोबांचा पखवाज बाईंच्या सुराला असा लागला होता, की त्याचा वेगळा आवाज म्हणून येतच नव्हता.

पहाटे कळा सुरू झाल्या. रुग्णगाडी दुसऱ्या गावी गेलेली. मामाने गाडी काढली. शाल्मली मामीचा हात धरून मागे बसली, आजोबा पुढे. इंजिनाच्या बाजूने चिपळीचा आवाज तेवढा दर वळणावर येई, "ठोका नाही." मामी त्या प्रत्येक शब्दाबरोबर श्वास सोडत होती. गेल्या वर्षी गाडी जिथे रखडली होती, ते वळण आलं. मामाने स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी चढली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात उन्हं आली, आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. परिचारिका म्हणाली, "मुलगी. दोघी छान आहेत." आजोबांनी हात जोडले.

ही पोरगी मोठी होईल तेव्हा आत आग असलेली गाडी कदाचित उरणारही नाही, शाल्मलीच्या मनात आलं. पण कुठल्याही यंत्राला कुणीतरी विचारावंच लागेल, तुला कुणाला न्यायचंय आणि कुठल्या वाटेने. ते विचारायला आपण शिकायचं.

ती मामाला शोधत धावली. तो गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते.

"मामा, मुलगी झाली!"

"ऐकलं गं. रडणं इथपर्यंत आलं." आवाज भिजलेला होता.

"मग बाहेर ये ना!"

"येतो. जरा ब्रेक बघू दे." पान्हा खणकला. "चढायचं तेवढं सगळं जुळवलं होतं मी, शालू. तिला घेऊन उतरायचं आहे, हे मनात धरायची हिंमतच झाली नव्हती."

शाल्मलीने इंजिनापाशी बसलेल्या चिपळीला उचललं आणि गुडघ्यांवर बसून, ब्रेक ऐकायला, त्याला अलगद चाकापाशी ठेवलं.