चित्राखालचा विंचू

लंडनच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर अचानक सर आली आणि बार्नबी ऑर्ड मासिकांच्या एका दुकानाच्या आडोशाला शिरला. तिथं आधीच एक मुलगी उभी होती. काचेत ताजं व्यंगचित्र लावलेलं – पंख फडफडवणारा कोंबडा, तोंड मात्र खासदार विंगेट यांचं. येणारे-जाणारे हसत होते. ती हसत नव्हती.

"आवडलं नाही वाटतं?" बार्नबीनं विचारलं.

"तुम्हाला आवडलं?"

"नाक जमलंय."

"नाक खरंच तसं आहे." तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं... आणि विरलं. "माझे वडील आहेत ते."

चित्राखाली सही होती – 'विंचू'. म्हणजे खुद्द बार्नबी. त्याची तैलचित्रं कुणी घेईना, म्हणून तो मासिकासाठी व्यंगचित्रं काढू लागला आणि बघता बघता गाजला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं सहीवरून नजर काढली.

तिनं छत्री उघडली. "एक काडी मोडलीय. भिजाल."

"अर्धाच भिजेन."

"कुठला अर्धा, ते मी ठरवणार."

मग दर रविवारी बागेत भेटी होऊ लागल्या. हेस्टर विंगेट चालता चालता त्याच्या दंडात हात अडकवायची, तेव्हा त्याला आनंद व्हायचा आणि लगेच स्वतःची किळस यायची.

"चित्रं काढता म्हणता, मग माझं का नाही काढत?"

"तुमचं... जमत नाही."

"एवढी वाईट दिसते?"

"तसं नाही –"

ती हसली. मग हळूच म्हणाली, "बाबांना भेटवलं असतं तुम्हाला. पण ते खोलीबाहेर येत नाहीत. आजारानं हात थरथरतात त्यांचे. भाषणात थरथरले, त्याचे त्या माणसानं पंख केले. तेव्हापासून पार्लमेंटला गेलेच नाहीत."

बार्नबी थांबला. "हेस्टर... तो माणूस मीच."

तिनं हात काढून घेतला.

"मला काय सांगता? घरी चला. त्यांना सांगा."

विंगेटसाहेबांच्या हातात कपबशी किणकिणत होती. बार्नबीनं सगळं सांगितलं, पण मान वर होईना.

"आजार आहे हे माहीत असतं, तर काढलं नसतं?" विंगेटसाहेबांनी विचारलं.

'नसतं काढलं' म्हणणं सोपं होतं. हेस्टर दाराशीच उभी होती.

"तेव्हा... काढलं असतं," तो पुटपुटला. "लोक हसले की मला पुरे व्हायचं. आता लाज वाटते, साहेब."

म्हाताऱ्यानं दुसरा कप त्याच्यापुढे सरकवला.

"चहा घ्या," तो म्हणाला. "पण खाली नाही बघायचं. माझ्या हातांकडे बघत घ्या."

बार्नबीनं बघितलं. चहा गार होईपर्यंत बघितलं.

निघताना हेस्टरनं त्याची टोपी पुढे केली. त्यानं धरली, पण तिनं सोडली नाही.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"कधी जाईल?"

"काय माहीत..." तिची बोटं टोपीच्या कडेवरून किंचित सरकली, त्याच्या बोटांपर्यंत. "रविवारी येऊन बघा."