लॅम्बडिन घराण्याचा ब्रोच

डोर्कस टेलफेअर इझिकेलच्या खोलीत आली ती डोक्यावरची कालवांची टोपली न उतरवताच. तिच्या नवऱ्याला, चित्रकार जोनासला, सकाळी पकडून नेलं होतं. कॅप्टन लॅम्बडिनच्या बायकोने तसबिरीला बसताना जोनासच्या खोलीत गळ्याशी लावलेला ब्रोच काढून ठेवला आणि तो त्याने लांबवला, असा आरोप. तुरुंगवाल्यांनी तिला भेटूही दिलं नव्हतं.

"चोर ठरला तर गुलाम म्हणून जॉर्जियाला विकतील, भाऊ. मोकळा माणूस आहे तो. कागद आहेत त्याचे."

"बाल्टिमोरात काळ्याचे कागद उंदीर नाही, गोरे कुरतडतात," इझिकेल ड्रमगूल म्हणाला आणि त्याने टोपी चढवली. हरवलेल्या वस्तू आणि पळवलेली माणसं शोधणं हा त्याचा धंदा. जोडीला ओबेद न्हावी. त्याचा वस्तरा तेवढा धारदार होता.

जोनासच्या खोलीत तसबिरी वाळत होत्या. लॅम्बडिनबाईची तसबीर, गळ्याशी लाल खड्याचा लंबगोल ब्रोच, भोवती मोती. शेजारी कॅप्टन, हनुवटीला खोल खळी. त्याला लागून फीबी. ही कॅप्टनच्या घरातली पूर्वीची गुलाम, त्याच्या बापाने मरताना मोकळी केलेली. आता डोर्कसच्या शेजारी बसून कालवं विकायची. तिच्याही हनुवटीला तशीच खळी.

"जोनासला एकच हनुवटी येते वाटतं," ओबेद म्हणाला.

डोर्कसला हसू आलं नाही. येणारे-जाणारेही असेच खिदळायचे, ती म्हणाली. कॅप्टनने ते एकदा ऐकलं, फीबीची तसबीर उतरव म्हणाला. जोनासने उतरवली नाही.

"चेहऱ्यात तो खोटं काढत नाही," इझिकेल म्हणाला.

कॅप्टनने दोघांना मागच्या अंगणातच उभं केलं. ब्रोचचं वर्णन मात्र घडाघडा केलं: लाल खडा, लंबगोल, भोवती मोती, त्याच्या बापाच्या आईचा. तशी शपथ मॅजिस्ट्रेटपुढे घेतलीय म्हणाला.

"मागे टाचणी होती की आकडा, साहेब?"

कॅप्टन अडखळला. "मागची बाजू त्या चोराला विचार. आणि अंगणातून चालता हो."

खिडकीतल्या बाईसाहेबांना इझिकेलने तेच विचारलं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. "चित्रात आहे ना, तसाच होता," म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

ओबेदला भूक लागली, म्हणून दोघं ऑटबाईच्या पावाच्या दुकानात शिरले. हात कोपरापर्यंत पिठात, जुनी शाल साध्या टाचणीने अडकवलेली, अशी ही गोरी विधवा. भिंतीवर तिची जोनासने काढलेली तसबीर, गळ्याशी लाल खडा चमकणारी. ओबेद पावाकडे बघत होता, इझिकेल भिंतीकडे. त्याने बाईला हळूच काहीतरी विचारलं. बाई पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी इझिकेल मॅजिस्ट्रेटपुढे दोन तसबिरी खांद्यावर घेऊन उभा राहिला. मागे ऑटबाई आणि तिची शेजारीण, जहाजांची शिडं शिवणाऱ्या एका गोऱ्याची बायको. कॅप्टनने पुरावा म्हणून आणलेली बायकोची तसबीर आधीच टेबलाला टेकवलेली.

"गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नाही," मॅजिस्ट्रेटने दरडावलं.

"साक्ष नाही देत, साहेब. हमाली करतोय."

त्याने तिन्ही तसबिरी ओळीने लावल्या. तीन गळे, एकच ब्रोच. तोच खडा, तेच मोती.

ऑटबाई शपथेवर बोलली. "माझ्याकडे जन्मात दागिना नव्हता. गळा ओका दिसतो म्हणून त्यानं मनानंच काढून दिला. आम्हा सगळ्यांनाच देतो." शिडवाल्याच्या बायकोनेही तेच सांगितलं.

ओबेद तोंड उघडं टाकून बघत राहिला. जोनासने हेच सांगितलं असणार, पण त्याचं बोलणं लिहून कोण घेणार?

"म्हणजे कॅप्टनसाहेबांनी ब्रोच पाहिला तो फक्त चित्रात," इझिकेल म्हणाला. "म्हणून पुढची बाजू पाठ आणि मागची ठाऊक नाही. चोरीला गेलेली वस्तू कधी घडलीच नव्हती."

"मग हा खटाटोप कशाला?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

"जोनासच्या खोलीत साहेबांची हनुवटी फीबीच्या हनुवटीशेजारी टांगलीय. बाप एक असला की खळीही एक असते. गाव हसत होतं. चित्रकार जॉर्जियाला गेला की चित्रंही गेली."

कॅप्टनने काठी उगारली. मॅजिस्ट्रेटने 'गैरसमज' एवढाच शब्द लिहवून घेतला. खोट्या शपथेबद्दल कॅप्टनला कुणी काही विचारलं नाही. तो घरी जेवायला गेला. जोनास सुटला तो एक दात कमी होऊन.

खोलीवर येताच त्याने फीबीला बोलावलं, तिची तसबीर समोर घेतली आणि गळ्याशी लाल खडा काढायला बसला.

"हा कुणाचा, दादा?" फीबीने विचारलं.

"तुझ्या आजीचा," पडलेल्या दाताच्या फटीतून जोनास म्हणाला. "कॅप्टनने शपथेवर सांगितलंय."