काहिलीचं डेप्रिसिएशन

निपाणीच्या स्टँडवर बेळगावची बस लागली आणि श्रद्धाच्या शेजारी एक उंच मुलगा येऊन बसला – थेट तिच्या ओढणीवर.

"उठा जरा," ती म्हणाली.

"बेळगाव आलं व्हय?"

बस अजून सुटलीही नव्हती... श्रद्धानं कपाळाला हात लावला.

हा भरमा नेमका तिच्याच एम.कॉम.च्या वर्गात निघाला, आणि सरांनी प्रोजेक्टला तिची जोडीही त्याच्याशीच लावली. विषय होता संकेश्वरजवळच्या एका गुऱ्हाळात गूळ करायला येणारा खर्च. श्रद्धाला कॉस्टिंग तोंडपाठ, पण अनोळखी माणसांपुढं तोंड उघडेना. भरमा मात्र तिथल्या लोकांशी कन्नडमध्ये गप्पा छाटत ऊस, सरपण, मजुरी, सगळी माहिती काढायचा... आणि हमखास भलत्याच रकान्यात लिहायचा.

"अरे, मजुरी तिथं कशी जाईल?"

"जागा हाय की तिथं."

रोज हेच. रागानं तिचे कान लाल व्हायचे, आणि तो गुळाच्या वाफेतून तिच्याकडं बघत राहायचा.

"बघतोयस काय? खोड ते."

प्रेझेंटेशनच्या दिवशी समोर सगळा वर्ग, शिवाय बाहेरून आलेले परीक्षक. श्रद्धा कागद भरमाच्या हातात देऊन मागं सरकली. मग भरमानं सुरुवात केली, आणि रस आटवायच्या नव्या काहिलीची सगळी किंमत एकाच वर्षाच्या खर्चात टाकून मोकळा झाला.

"काहील काय एका वर्षात वितळते का रं?"

असं म्हणतच श्रद्धा ताडकन पुढं आली. काहील जितकी वर्षं चालणार, तितक्या वर्षांवर तिची किंमत वाटायची, त्यालाच डेप्रिसिएशन म्हणतात... बोलता बोलता तिनं अख्खा प्रोजेक्ट मांडला. थांबली तेव्हा परीक्षक मान डोलवत होते.

परतीच्या बसमध्ये तिनं हळूच विचारलं, "मुद्दाम चुकलास न्हवं? मी बोलावं म्हणून?"

भरमा घुटमळला. व्हय म्हणाला असता, तर त्याचा भाव केवढा वधारला असता...

"न्हाय गं. खरंच कळलं न्हवतं."

श्रद्धाला हसावं की रडावं, समजेना. एवढं सोपं खोटंही या माणसाला जमू नये? तिचा राग कुठल्या कुठं गेला.

"श्रद्धा... जन्मभर शिकवशील? मला लौकर कळत न्हाय."

खिडकीबाहेर उसाचे तुरे डुलत होते.

"माझं व्हय हाय," ती वैतागूनच म्हणाली. "पण घरी माझ्या आप्पांना तूच येऊन विचार. आणि तिथं तरी अभ्यास करून ये."