उजव्या गालावरचा तीळ

स्वतः भिजत पेटीवर छत्री धरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो वाईच्या मोटारस्टँडवर, सेहेचाळीस सालच्या श्रावणात. मला हसू आवरेना.

"पेटीला सर्दी होते का हो?"

तो दचकला. "काचा आहेत… जुने फोटो ज्यांवरून छापले, त्या. इथलं ग्रंथसंग्रहालय कुठं आहे?"

"चला, मी तिथंच निघालेय."

"मग छत्री तुमच्यावर धरू?"

"आणि पेटी?"

त्यानं विचार केला. अगदी खरोखर केला! मग छत्री मधोमध धरली आणि आम्ही तिघंही अर्धे अर्धे भिजलो.

तो शरच्चंद्र. सांगलीच्या एका संग्रहानं त्याला फोटोंतली ठिकाणं आणि सालं ओळखायला पाठवलं होतं. मी संग्रहालयात पोथ्यांवरचे शके वाचून नोंदी करायची. आम्हांला एकच टेबल मिळालं. फोटोच्या नोंदीत शंका असेल तिथं प्रश्नचिन्ह घालायची रीत, पण हे गृहस्थ ते जिथं तिथं घालायचे. 'कृष्णाकाठ(?), अंदाजे १८८०(?), स्त्री(?)'

"स्त्रीपुढं कसली शंका?"

"पाठमोरी आहे ना…"

एका घाटानं मात्र त्याला फार छळलं. देऊळ भलत्याच बाजूला, पायऱ्या भलतीकडं. मी फोटोतल्या बाईकडं बोट दाखवलं.

"हिची नथ बघा. उजव्या नाकपुडीत आहे."

"मग?"

"अहो, नथ डावीकडं घालतात. काच उलटी ठेवून छापलाय हा फोटो!"

त्यानं काच फिरवून उजेडात धरली. आमचा वाईचाच घाट! तो काचेकडं बघून हसला, मग माझ्याकडं बघून हसला, आणि ते दुसरं हसू जरा लांबलं… त्या दिवशी माझ्या हातून एक शके चुकला.

श्रावण सरला. पेटी संपत आली. सोमवारी तो सांगलीला परतणार होता, आणि आमच्या आत्यानं साताऱ्याचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन माझा फोटोही काढून झाला होता. सोमवारीच तो टपालात पडायचा होता. एकदा फोटो गेला की आत्या माघार घेणारी नव्हती. मला हा प्रश्नचिन्हवाला हवा होता, आणि याच्या तोंडून तर अक्षर फुटत नव्हतं.

शनिवारी मी तो फोटो त्याच्यापुढं सरकवला.

"याचीही नोंद करा. साताऱ्याला जायचाय… स्थळाकडं."

त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो फोटोकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा उलटा छापलाय."

"कशावरून? नथ तर घातलीच नाही मी."

"तीळ… यात उजव्या गालावर आलाय. तुमचा डाव्या गालावर आहे. कानाच्या जरा खाली."

मला ते दिसलंच नव्हतं, कारण आरशात मी रोज अशीच दिसते. पण आत्यालाही दिसलं नव्हतं, फोटोवाल्यालाही नाही.

"तुम्ही तीळ कधी पाहिलात?"

"छत्रीत." त्याचे कान लाल झाले. "नंतर… रोजच."

बाहेर सर आली. मी धीर केला. "मग सुलटा छापून कुठं पाठवू?"

"सांगलीला. माझ्या आईला." तो थांबला. "तुमची हरकत नसेल तर…"

"या वाक्यापुढंही प्रश्नचिन्ह?"

"नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच अडखळला नाही. "मला तुम्ही आवडता, विनोदिनी."

"मलाही तुम्ही," मी म्हटलं. "केव्हाचे!"

घरी आत्याला सांगितलं, फोटो उलटा छापलाय, साताऱ्याला जायचा नाही. तिनं चष्मा लावून एकदा फोटो पाहिला, एकदा मला.

"अगोबाई, खरंच की! पण विनू, हे कळलं कुणाला?"

मी डाव्या गालावर हात ठेवला. तीळ झाकला गेला, हसू काही झाकलं गेलं नाही.