परत आलेली मशीनं

रिटायर झाल्यावर बाई घरात चार महिनेही टिकल्या नाहीत. बत्तीस वर्षं इस्पितळात लोकांचे कान तपासण्यात गेली होती. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे. आता रिकामं घर खायला उठायला लागलं. तेवढ्यात एका संस्थेचं पत्र आलं. परदेशातल्या एका लहान गावात तीन महिने राहून बहिऱ्या लोकांना कानाची मशीनं बसवून द्यायची. पगार नाही, राहायची सोय आहे. मुलगी फुरंगटली. तिला पाचवा चालू होता, पहिलटकरीण. नववा लागायच्या आत येते, असं सांगून बाईंनी तिची समजूत घातली आणि बॅग भरली.

गावात एक कापडगिरणी होती. मागांच्या खडखडाटानं दोन पिढ्यांचे कान गेले होते. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, तरी लोक समोरासमोर उभे राहून भांडल्यासारखे बोलायचे. बाईंची खोली बेकरीच्या वर होती. पहाटेपासून जमीन पायाला कोमट लागायची. तपासणी गिरणीच्या जुन्या दवाखान्यात. दुभाषी म्हणून शाळेतली एक शिक्षिका यायची. तिच्याशी बाईंचं इंग्रजीवर भागायचं.

पहिलं मशीन बेकरीवाल्याला लावलं. त्याला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला आणि तो लहान मुलासारखा खोलीभर चालत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मशीन रुमालात गुंडाळून परत आणलं. आभार मानले, पण नको म्हणाला. आठवडा संपेपर्यंत सात मशीनं परत आली. सगळी पुसून, नीट गुंडाळून.

कारण सांगायला कुणी धजेना. शेवटी शिक्षिकेनं खोदून खोदून विचारलं. मशीन लावलं की एक बाई बोलते, म्हणाले. आपल्या भाषेत नाही.

बाईंना हसू आलं. कुठलंतरी रेडिओ स्टेशन पकडत असेल, हे मशीनमध्ये होतंच. त्यांनी सातही मशीनं उघडली, बॅटऱ्या बदलल्या, स्वतःच्या कानाला लावून पाहिली. स्वतःच्या श्वासाखेरीज काही नव्हतं.

मग त्यांनी गिरणीतल्या जुन्या विणकर आजींना बोलावलं. पन्नास वर्षं जवळजवळ ठार बहिरी बाई. मशीन लावलं, आवाज वाढवला, आणि काय ऐकू येतंय ते जसंच्या तसं म्हणायला सांगितलं. आजींनी डोळे मिटले. बराच वेळ ओठ नुसते हलत राहिले. मग त्या स्पष्ट म्हणाल्या, "अगं, निळ्या पिशवीत बघ."

शिक्षिका हसली. तिच्या लेखी ती नुसती बडबड होती. बाईंच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. या गावात मराठी माणूस कधी आला होता का, असं त्यांनी दोनदा विचारलं. कधीच नाही.

दुपारी मुलीचा फोन आला. तिच्या तपासण्यांची फाइल सापडत नव्हती, ती वैतागली होती, आणि बाई सवयीनं बोलून गेल्या, "अगं, निळ्या पिशवीत बघ."

शेवटचा हेल सकाळी आजींनी काढला होता तसाच होता.

पिशवीत फाइल सापडली. मुलीनं फोन ठेवला तरी बाई तो कानाला धरून बसल्या होत्या.

चार दिवसांनी बेकरीवाल्याला कसंबसं राजी करून त्यांनी पुन्हा मशीन लावलं. त्याच्या जाड जिभेवर शब्द अडखळले, पण कळायला कठीण नव्हते. "मग डॉक्टर काय म्हणाले?"

बाईंनी मनाशी ठरवलं, हे वाक्य आपण उच्चारायचंच नाही. दोन दिवस त्या फोनवर हवापाण्याचं बोलल्या. तिसऱ्या दिवशी जावयांचा फोन आला. सकाळपासून तिचं बीपी चढलंय, अॅडमिट केलंय. बाईंनी दातांखाली ओठ धरला. जावई बोलता बोलता थांबले, पलीकडे नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि बाईंच्या तोंडून ते निघून गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिक्षिकेला घेऊन थेट आजींच्या घरी गेल्या. स्वयंपाकघरात आजी बटाटे सोलत होत्या. बाईंनी स्वतः मशीन त्यांच्या कानात बसवलं. या वेळी फार थांबावं लागलं नाही.

"रडू नकोस. मी उद्याच निघते."

"पुढे?" बाईंनी विचारलं. शिक्षिकेनं भाषांतर केलं.

आजींनी मान कलती केली. वाट पाहिली. बोटानं मशीनवर टकटक केलं. बाईंनी बॅटरी बदलली. मग आजींचा चेहरा उजळला. चिमण्या ऐकू येताहेत, म्हणाल्या. नळ ठिबकतोय. सुरीचा आवाज येतोय. त्यांनी बटाटा कानाशी धरून सोलला आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

ती बाई? ती आता बोलत नाही.

दुपारी मुलगी फोनवर हुंदके देत होती. आई, तू हवी होतीस, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाईंना काय बोलायचंय ते ठाऊक होतं, आणि बोलल्यावर काय, ते ठाऊक नव्हतं. पण कोणती आई अशा वेळी गप्प राहील? त्या बोलल्या. अक्षरन् अक्षर तेच.

तिकीट जावयांनीच काढून पाठवलं.

सकाळी बॅग घेऊन त्या खाली उतरल्या, तर दवाखान्यासमोर रांग. मशीन परत करणारे सातही जण होते, आणखी वीसेक होते. शिक्षिका आनंदानं पुढे धावत आली. आजींच्या मशीनमधला आवाज कालपासून बंद झालाय हे गावभर कळलंय, सगळ्यांना मशीनं परत हवी आहेत.

गाडी यायला अर्धा तास होता. बाईंनी एकेकाला बसवून मशीनं लावली. बोलायची गरज पडली नाही. हात सरावाचे होते, आणि शिक्षिकेचं तोंड थांबत नव्हतं. लोक एकमेकांशी कुजबुजून पाहत होते, हसत होते.

बाहेर हॉर्न वाजला. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या.

बाईंनी बॅग उचलली. दारात थांबून, त्यांना मराठी कळत नाही हे ठाऊक असूनही, त्या म्हणाल्या, येते.

बेकरीवाल्यानं मशीन कानातून काढलं, हलवलं, पुन्हा लावलं. आजींनी शेजारणीकडे पाहिलं.

शिक्षिका जवळ आली. तिचे कान तर चांगले होते, तरी तिलाही काही ऐकू आलं नव्हतं. तिनं बाईंच्या ओठांकडे पाहिलं आणि काय म्हणालात, असं विचारलं.