कॅप्टनचा तापट कॉम्प्युटर

स्क्रीन काळी झाली तेव्हा कॅप्टन पुलाच्या बरोबर मध्यावर होती आणि अख्खी टीम तिच्या मागून धावत होती. पूल गेला, टीम गेली, आवाजही गेला. टेबलाखालून तेवढी ऊन हवेची एक झुळूक तिच्या पायांवर आली.

"मेला," लिंबू म्हणाली.

"मेला नाही, बंद पडलाय," कॅप्टन दात आवळून म्हणाली. "थोडा निवला की होईल चालू."

हा कॉम्प्युटर कॅप्टननं स्वतः जोडला होता. दोन सुट्ट्या तिनं खालच्या वर्कशॉपमध्ये वडिलांच्या हाताखाली सोफ्यांना बटणं लावली आणि त्या कमाईतून एकेक सुटा भाग घरी आणला. रविवारी आंतरशालेय गेमिंग स्पर्धेची अंतिम फेरी होती. ती घरूनच खेळायची होती, आणि शाळेच्या टीमची कॅप्टन तीच. म्हणून तर सुट्टीला आलेली तिची चुलत भावंडंही तिला कॅप्टनच म्हणायची. त्यातला मोठा शंकासूर. सूर्य उगवला असं सांगितलं तरी "कशावरून?" म्हणून विचारणारा. धाकटी लिंबू, अंगानं काडी आणि जिभेनं आंबट.

काका जिना चढून वर आले. केसांत फोमचे कण, कानामागे खडू. काका म्हणजे कॅप्टनचे वडील, सोफे बनवणारे.

"परत बंद? गेम खेळून खेळून जाळलास तो," ते म्हणाले.

हेच ते आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले होते, आणि कारागीर खो खो हसले होते. कॅप्टनला ते हसणं फार लागलं होतं. आता काकांनी निकालच देऊन टाकला. त्यांचे वेल्डर मित्र शनिवारी संध्याकाळी येतील आणि हा डबा घेऊन जातील. त्यांना हिशेबापुरता हवाय, तिथे नीट चालेल.

"बाबा, तो माझा आहे."

"आणि घर माझं आहे," काका म्हणाले आणि खाली गेले.

काका वाईट नव्हते. त्यांनी केलेला सोफा वर्षानुवर्षं कुरकुरत नसे. पण एकदा त्यांनी मनात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ते बदलणार नाहीत, असं काकू, म्हणजे कॅप्टनची आई, म्हणायच्या. लिंबूला वाटलं, आता कॅप्टन रडणार. कॅप्टननं खुर्ची पुढे ओढली.

"ते म्हणतात गेममुळे होतंय. आपण शोधून काढू. खरंच गेममुळे होत असेल, तर मी स्वतः तो उचलून वेल्डरकाकांच्या गाडीत ठेवीन. पण नसेल, तर याला कुणी हात लावून दाखवावा."

कॉम्प्युटर निवल्यावर तिनं तो परत चालू केला. गेम उघडलाच नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसत होता. तिघं तो बघत बसली. आकडा चढत होता! काहीही चालू नसताना, आरामात, जिना चढल्यासारखा.

"म्हणजे हा नुसता बसूनही तापतो," शंकासूर म्हणाला. "मग यात गेमचा काय दोष?"

कॅप्टननं वीज बंद केली, कॉम्प्युटर टेबलाखालून थोडा पुढे ओढला, बाजूचं झाकण काढलं आणि आत बघितलं. धूळ नव्हती. प्रोसेसरवरचा कूलर घट्ट बसलेला होता, त्याखालची पेस्ट नवी होती. वीज देऊन पाहिली तर सगळे पंखे फिरत होते. तिनं एकेक भाग तपासला आणि एकेक भाग ठणठणीत निघाला. ते बघून तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिची चिडचिड झाली. दुखणं सापडत नसेल तर औषध कशावर करायचं?

शंकासूरनं मग त्याच्या स्वभावाला शोभेल असा प्रश्न विचारला. हे नक्की सुरू कधी झालं? कॅप्टनला आठवलं, आत्याकडे राहून आल्यापासून. जाण्याआधी कॉम्प्युटर उत्तम चालत होता, आल्यापासून तो कण्हत होता.

"आतलं काही बदललं नाही ना? मग बाहेरचं काहीतरी बदललं असणार. हा जागेवरून हलवून बघू."

तिघांनी मिळून तो टेबलाखालच्या कप्प्यातून पूर्ण बाहेर ओढला, वायरींसकट खोलीच्या मध्यभागी आणला आणि कॅप्टननं मुद्दाम सगळ्यात जड गेम लावला. पूल पार झाला, पुढचा किल्लाही सर झाला. आकडा थोडा चढला आणि तिथेच थांबला.

"कॉम्प्युटर निर्दोष, गेमही निर्दोष," शंकासूर म्हणाला. "गुन्हेगार तो कप्पा आहे."

ते टेबल काकांनीच बनवलेलं होतं. कॉम्प्युटर ठेवायला खाली खास कप्पा, आणि हवा खेळावी म्हणून कप्प्याला मागे आणि बाजूंना गोल भोकं. लिंबू टॉर्च घेऊन आत शिरली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला.

"भोकं कुठायत? इथे तर गादी आहे."

कॅप्टननं आत डोकं घातलं. कप्प्याच्या तिन्ही भिंतींवर जाड फोम होता आणि वर ताणून बसवलेलं राखाडी रेक्झिन. कोपरे सुबक दुमडलेले, खिळे एका रेषेत. काम इतकं सुरेख होतं की ते टेबलाचाच भाग वाटत होतं. असं काम करणारा माणूस या घरात एकच होता.

काकूंना विचारलं तर त्यांनी सहज सांगून टाकलं. काकांच्या दुपारच्या झोपेत कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर यायची. पोरगी आत्याकडे गेली आहे तोवर बंदोबस्त करतो, म्हणाले. ती आल्यावर घरघर उलट वाढली, म्हणून त्यांनी वर आणखी एक थर चढवला.

लिंबू फोम उपटायलाच निघाली होती. कॅप्टननं तिचा हात धरला. आत्ता उपटलं तर बाबा म्हणतील, चांगलं काम फाडलं आणि वर कारणं सांगतात. हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं.

"मग काय, काकांना गेम खेळायला बसवायचं?" शंकासूरनं विचारलं.

"त्यांना त्यांचंच काम करायला बसवायचं," कॅप्टन म्हणाली.

शनिवारी दुपारी कॉम्प्युटर परत कप्प्यात गेला. काकांनी कागदावर काढलेला नवा कोपऱ्याचा सोफा कॅप्टननं डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये उभा केला होता. चहूबाजूंनी फिरवता येतो, कापड बदलता येतं, त्यावर ऊन पाडून बघता येतं, असं तिनं सांगितलं. काका तोंडानं नको नको म्हणत खुर्चीत बसले आणि बघता बघता रंगून गेले. सोफा गरगर फिरत होता, निळा होत होता, तपकिरी होत होता. खाली पंखा किंचाळायला लागला. त्याच्यावर आवाज चढवून काका सोफ्याच्या हाताच्या गोलाईबद्दल सांगत होते, तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

शंकासूरनं अतिशय आदरानं विचारलं, "काका, तुम्ही कुठला गेम खेळत होता?"

दारात काकू उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे नुकतेच आलेले वेल्डरकाका. ते खदाखदा हसले. काका लालबुंद झाले.

"मशीनच भिकार आहे."

"थांबा, दाखवते," कॅप्टन म्हणाली.

कॉम्प्युटर पुन्हा खोलीच्या मध्यभागी आला. निवल्यावर तोच सोफा, तेच ऊन, तेच फिरणं. पंखा हळू गुणगुणत राहिला आणि काहीही बंद पडलं नाही. मग कॅप्टननं वडिलांच्या हातात टॉर्च दिला. काका गुडघ्यांवर बसून कप्प्यात वाकले.

"मी भोकं बुजवली," ते आतूनच म्हणाले.

"त्यातून गार हवा आत जायची आणि गरम बाहेर. तुम्ही त्याचं नाक-तोंड दाबलंत."

"मला फक्त आवाज नको होता गं."

"कोंडला म्हणून तो जास्त ओरडायला लागला, बाबा. आणि तो ओरडला की तुम्ही आणखी फोम भरलात."

काकांनी पकड आणली आणि एकेक खिळा स्वतः काढला. मित्राला सांगितलं की कॉम्प्युटर द्यायचा नाही. वेल्डरकाकांनी ते हसत मान्य केलं आणि आपल्या दुकानातला जुना कॉम्प्युटरही तापतो, तो बघायला येशील का, असं कॅप्टनलाच विचारलं. काकूंनी तिन्ही पोरांची पाठ थोपटली. काकांनी कॅप्टनच्या डोक्यावर हात ठेवला.

"झालं ना आता? खेळ उद्या मजेत."

"नाही झालं," कॅप्टन म्हणाली. ती मागे सरली नाही. "मी तो जाळला असं तुम्ही खाली सगळ्यांसमोर म्हणालात. सगळे हसले मला. आता खरं काय तेही सगळ्यांसमोर सांगा."

काकांशी असं बोलायची या घरात कुणाची टाप नव्हती. काकांनी जमिनीवरचा फोम उचलून काखोटीला मारला आणि ते जिना उतरायला लागले. पोरं मागोमाग पळाली.

वर्कशॉपमधली शिलाई मशिनं थांबली. काकांनी फोम कटिंगच्या टेबलावर टाकला.

"माझ्या पोरीनं कॉम्प्युटर जाळला असं मी म्हणालो होतो. तो ह्यानं बंद पडत होता, आणि हे मी भरलं होतं. तिनं शोधून काढलं आणि माझ्या तोंडावर सांगितलं. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे, चूक माझी आहे. आणि उद्या तिची अंतिम फेरी आहे. ज्याला बघायची असेल त्यानं वर यावं, मी तर बसणारच आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली कॅप्टन तिथे सगळ्यांसमोर ढसाढसा रडली, आणि ते लपवावं असं तिला मुळीच वाटलं नाही.