एकसष्टावी कॅसेट

बाबांच्या साठ कॅसेटी होत्या. माणूस गप्पिष्ट, त्यात स्वतःचं बोलणं टेप करून ठेवायची दांडगी हौस. पण आता त्यांत आवाजापेक्षा खरखरच जास्त होती. उद्या आईच्या कानाचं ऑपरेशन. उरलंसुरलं ऐकू येणंही जाऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी तिला एकदा ‘ह्यांना’ ऐकायचं होतं. बाबा कोपऱ्यावर जातानाही ‘येतो’ म्हणायचे. शेवटच्या दिवशी मात्र बेशुद्धीतच गेले. त्याचा राग ती तीन वर्षं धरून होती.

प्रोग्रामर लेकीने कॅसेटी आधीच कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या; सकाळी तिने खरखर काढायचं काम क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कुठल्यातरी भाड्याच्या मशीनवर लावून दिलं. मशीन स्वस्तातलं, मालक केव्हाही काढून घेणार. अशा वेळी प्रोग्रामने कुठवर आलो ते टिपायचं, ‘थांबतो’ लिहायचं आणि जायचं, की दुसरं मशीन तिथूनच पुढे काम उचलतं.

चार वाजता, एक्केचाळीस कॅसेटी झाल्यावर, मशीन गेलं. लेकीने प्रोग्राम उघडून पाहिला. टिपून ठेवायची ओळच ती घालायला विसरली होती. ऑफिसात हेच सगळ्यांना शिकवणारी बाई, आणि दिव्याखाली अंधार! आता पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे मध्यरात्र उलटणार.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली : ‘बेचाळिसावी घेतो.’

हे तिने लिहिलेलं नव्हतं. खोलीत लवंगेचा मंद वास आला. बाबांच्या गालात कायम एक लवंग असायची. तिने घाबरत ऑफिसातल्या मित्राला फोन केला. आपण हातही लावला नाही, असं तो म्हणाला.

“चालतंय ना?” त्याने विचारलं. “मग तूही लावू नकोस.”

सातला काम संपलं. हेडफोन लावून आई हसत सुटली. तेच जुने विनोद, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. लेकीला इतका आनंद झाला की भीती कुठल्या कुठे पळाली.

मग तिने नोंदींची शेवटची ओळ वाचली. ‘थांबतो’ नव्हतं, ‘येतो’ होतं. आणि यादीत फायली एकसष्ट.

“आई... ती शेवटची नको लावूस...”

आईने ती केव्हाच लावली होती. तिचा चेहरा लख्ख उजळला. हेडफोन काढून, बंद दाराकडे बघत ती हळूच म्हणाली,

“बरं. सावकाश या.”